पाकिटावरचे आकडे कुणी मोजले?

खाऊची रिकामी पाकिटे गोळा करून आणा, त्यांवरील पोषणतक्ते वहीत उतरवा आणि कोणता पदार्थ चांगला, कोणता वाईट ते ठरवा, हा उपक्रम आता बऱ्याच शाळांतून होतो. आम्हीही तो अनेकदा केला आहे. खर्च नाही, साहित्य कचऱ्यात मिळते, आलेख काढण्याचा सराव होतो आणि मुले रमतात. असाच एक तक्ता भरला जात असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, हे आकडे कुणी मोजले?" आमच्या सहकारी बाईंनी सांगितले, "कंपनीनं." त्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि कंपनीनं बरोबर मोजले, हे कुणी बघितलं?"

बाईंनी प्रश्न आमच्यापुढे ठेवला. प्रामाणिकपणे सांगायचे तर तोपर्यंत आम्हाला तो पडलाच नव्हता. छापील आकडा, त्यातही दशांश चिन्ह असलेला आकडा, दिसला की आपण विज्ञानाचे शिक्षकसुद्धा नकळत मान तुकवतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात बेरजेपासून करू. समजा, एका बिस्किटपुड्यावर १०० ग्रॅममागे प्रथिने ७ ग्रॅम, कर्बोदके ७६ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १३ ग्रॅम आणि ऊर्जा ४४९ किलोकॅलरी असे छापले आहे. पाठ्यपुस्तकातून आपल्याला ठाऊक असते की प्रथिनांच्या व कर्बोदकांच्या एका ग्रॅमपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी मिळतात. मुले गुणाकार करतात. २८, ३०४ आणि ११७ यांची बेरीज ४४९ येते. ताळा जुळला! मुले खूश होतात, आणि कंपनी खरे बोलते असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. आमच्याही वर्गात तो लिहिला गेला होता.

पण हा ताळा नाहीच. ऊर्जेचा आकडा बहुधा याच गुणाकारातून आलेला असतो. बिस्किट जाळून किंवा कुणाला खाऊ घालून ती ऊर्जा कुणी मोजलेली नसते. कंपनीने केलेली बेरीज आपण पुन्हा केली आणि उत्तर तेच आले, एवढाच त्याचा अर्थ. मुलाने स्वतःच्याच वहीतले गणित पाहून स्वतःला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसा हा प्रकार आहे. आमची पहिली तक्रार कंपन्यांबद्दल नाही, ती आपल्या उपक्रमाबद्दल आहे.

मग ४, ४ आणि ९ हे आकडे तरी कुठून आले? ते निसर्गाचे स्थिरांक नव्हेत. अमेरिकेतील विल्बर ऑलिन अ‍ॅटवॉटर (१८४४-१९०७) या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिडलटाउन येथे केलेल्या प्रयोगांतून ते निघाले. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या मदतीने त्याने माणूस आत राहू शकेल एवढा मोठा उष्मामापी बांधला. माणसाने आत राहायचे, जेवायचे, झोपायचे, व्यायाम करायचा, आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेची, श्वासाची व मलमूत्राची बारकाईने नोंद घ्यायची, असे ते प्रयोग होते. प्रथिने प्रयोगशाळेतील बाँब उष्मामापीत पूर्ण जाळली तर ग्रॅमला सुमारे ५.६५ किलोकॅलरी उष्णता मिळते. आपले शरीर मात्र ती पूर्ण जाळत नाही. नायट्रोजनचा भाग युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर टाकला जातो आणि त्याबरोबर सुमारे १.२५ किलोकॅलरी जातात. उरलेल्या ४.४ पैकी जेवढे पचते तेवढे धरले की उत्तर ४ च्या आसपास येते. स्निग्ध पदार्थांचे ९.४ असतात, त्यांतील सुमारे ९५ टक्के पचतात, म्हणून ९. कर्बोदकांच्या बाबतीत साखर ३.९५ आणि पिष्ट ४.२ च्या जवळपास, त्यांचा मिळून ४.

अ‍ॅटवॉटरचे काम थोर आहे, शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले आहे, आणि मिश्र आहाराच्या सरासरीसाठी ते आजही चांगले उपयोगी पडते. अडचण तेव्हा येते जेव्हा मिश्र आहाराची सरासरी एकाच पदार्थाला लावली जाते. बदामाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना मोजून बदाम खाऊ घातले आणि शरीरात प्रत्यक्ष किती ऊर्जा राहिली ते तपासले. २८ ग्रॅम बदामांसाठी नेहमीच्या गुणाकाराने सुमारे १७० किलोकॅलरी येतात. प्रत्यक्षात उत्तर आले १२९. कारण सरळ आहे. बदामातील तेल पेशींच्या आत कोंडलेले असते. चावताना काही पेशी फुटतात, पुष्कळशा तशाच राहतात आणि अख्ख्याच बाहेर पडतात. बदाम भाजले, तुकडे केले की मिळणारी ऊर्जा वाढते. वाटून लोणी केले की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. शेंगदाण्यांचीही तीच गोष्ट. दाणे अख्खे खाल्ले तर त्यांतील तेलाचा बराच मोठा भाग न पचता जातो, त्यांचे तेल खाल्ले तर फार थोडा. आपल्याकडे साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट घालतात आणि चिवड्यात अख्खे दाणे. पाकिटावरचा तक्ता या दोहोंत भेद करत नाही.

आता प्रथिनांकडे वळू. येथे गोष्ट अधिक गंभीर आहे. सामान्यतः प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजला जातो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल याने १८८३ मध्ये ही पद्धत दिली. पदार्थ संहत सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मिळवायचा, मोजायचा आणि येणाऱ्या उत्तराला ६.२५ ने गुणायचे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, असे त्यामागचे गृहीत आहे. (शंभर भागिले सोळा म्हणजे ६.२५, मुलांना हे स्वतः शोधू द्यावे.) परंतु गव्हाच्या पिठासाठी योग्य गुणक ५.७ आहे, दुधासाठी ६.३८. गव्हाच्या एखाद्या पदार्थात १०० ग्रॅममागे २ ग्रॅम नायट्रोजन निघाला तर ६.२५ ने १२.५ ग्रॅम प्रथिने होतात आणि ५.७ ने ११.४. पदार्थ तोच, परीक्षानळी तीच, गुणक बदलला की प्रथिने जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढली.

या पळवाटेतून काय होऊ शकते ते चीनमध्ये २००८ साली दिसले. पाणी घातलेल्या दुधात मेलामीन मिसळले गेले. मेलामीन हे प्लास्टिकसारखी भांडी बनवण्याच्या उद्योगातले रसायन. त्याच्या वजनाच्या दोनतृतीयांश भाग नायट्रोजन असतो. केल्डालच्या पद्धतीला नायट्रोजन दिसतो, तो कुठून आला हे दिसत नाही. ६६.७ ला ६.२५ ने गुणून पाहा: १०० ग्रॅम मेलामीनमध्ये जवळजवळ ४१७ ग्रॅम प्रथिने! वस्तूच्या वजनाच्या चौपट प्रथिने दाखवणारी ही मोजणी जगभर प्रमाण मानली जात होती. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले आणि सरकारी आकड्यानुसार सहा बालके दगावली.

हे टोकाचे उदाहरण झाले, पण जवळचेही आहे. व्यायामशाळेत जाणारी अकरावी-बारावीची मुले हल्ली प्रथिनांच्या भुकटीचे डबे आणतात. २०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या एका गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या अशा ३६ भुकट्या तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती प्रत्यक्षाशी जुळली नाही. काहींत तर छापलेल्याच्या निम्मीच प्रथिने होती. डब्याची किंमत प्रथिनांच्या आकड्यावर ठरते, म्हणून आकडा फुगवण्याचा मोहही तिथेच जास्त.

कर्बोदकांचे मापन तर अनेकदा होतच नाही. पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख (म्हणजे क्षार) मोजायचे आणि शंभरातून वजा करायचे. उरले ते कर्बोदक. घरखर्चाचा हिशेब लिहिताना जुळत नसलेली रक्कम आपण 'किरकोळ' या नावाखाली टाकतो, तशीच ही पद्धत आहे. आधीच्या चारही मोजण्यांतील चुका या एका आकड्यात येऊन साचतात. आणि एक गंमत पाहा. वरच्या बिस्किटात खरी प्रथिने ७ नसून ६ च असतील, तर वजाबाकीने कर्बोदके ७६ ऐवजी ७७ होतील. दोहोंचा गुणक ४ च असल्याने ऊर्जा तरीही ४४९ च येईल. चूक स्वतःच स्वतःला झाकते. आमच्या ताळ्याला ती कधीही सापडली नसती. भरीला, अमेरिकेत 'एकूण कर्बोदके' म्हणताना तंतू त्यांत धरतात, युरोपात ते वेगळे काढतात. आयात केलेल्या दोन पाकिटांची तुलना करणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो.

येथपर्यंत कुणी लबाडी केली आहे असे आम्ही म्हणत नाही. मोजण्याच्या पद्धतीच अशा आहेत. पण शिवाय प्रत्येक वेळी मोजले जाते असेही नाही. युरोपीय संघाचा २०११ चा नियम स्पष्टच सांगतो की जाहीर केलेली मूल्ये ही सरासरी असतात. ती उत्पादकाने केलेल्या विश्लेषणातून घ्यावीत, घटकांच्या सरासरी मूल्यांवरून हिशेबाने काढावीत किंवा सर्वमान्य माहितीतून घ्यावीत, तिन्ही मार्ग खुले आहेत. म्हणजे कणीक इतकी, साखर इतकी, तेल इतके, आणि प्रत्येकाचे मूल्य पुस्तकातून. भारतात अशा पुस्तकांची परंपरा मोठी आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये एक्रॉइड यांनी काढलेल्या पुस्तिकेपासून ती सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. ते काम मेहनतीचे आणि विश्वसनीय आहे. पण पुस्तकातला गहू हा सरासरी गहू. लोकवन, बन्सी आणि खपली यांचे गुण वेगळे. एकाच वाणाची प्रथिनेसुद्धा जमीन, खत आणि पाऊस यांप्रमाणे बदलतात. बिस्किटाचा कागद मात्र जूनमध्ये आणि जानेवारीत तेच आकडे दाखवतो. छपाईचा साचा एकदा झाला की झाला.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर १९९४ पासून पाकिटांवर हे तक्ते सक्तीचे झाले. तेथील नियमाप्रमाणे ऊर्जा, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम यांचे प्रत्यक्ष प्रमाण छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक निघाले तरी चालते. मुळातच पदार्थात असणाऱ्या जीवनसत्त्वांचे व प्रथिनांचे प्रमाण छापलेल्याच्या ८० टक्के निघाले तरी चालते. २०० किलोकॅलरी छापून २४० असलेले पाकीट तेथे कायदेशीर आहे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दुकानांतील दहा गोठवलेल्या जेवणांची ऊर्जा प्रत्यक्ष मोजली. ती छापलेल्यापेक्षा सरासरी ८ टक्क्यांनी जास्त भरली. उपाहारगृहांनी जाहीर केलेल्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष ऊर्जा सरासरी १८ टक्क्यांनी जास्त होती. ताटात वाढणाऱ्याचा हात सैल असतो हे त्यामागचे एक कारण असावे, असे आम्हाला वाटते. दोन्ही ठिकाणी चुकीची दिशा एकच, वरची, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. वजन कमी करू पाहणारा गिऱ्हाईक कमी आकड्याला भुलतो, आणि छापणाऱ्याला ते ठाऊक असते.

तरीही आमच्या मते सर्वांत मोठी फसवणूक चुकीच्या आकड्यांतून होत नाही. ती बरोबर आकड्यांतून होते. 'शून्य' हा शब्दच घ्या. अमेरिकेत एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स मेद असेल तर ० छापता येतो. साखरेचेही तसेच. आता वाढप केवढे धरायचे? तोंडात ठेवायच्या चिमुकल्या गोळ्यांचे वाढप म्हणजे एक गोळी, वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमी. गोळी जवळजवळ सगळी साखरेची, पण तक्त्यात साखर ०! तव्यावर फवारायच्या तेलाच्या डब्याचे वाढप म्हणजे पाव सेकंदाचा फवारा. स्निग्ध पदार्थ ०, आणि डब्यात तेल. दोन्ही ठिकाणी एकही आकडा खोटा नाही. आपल्याकडील दाव्यांच्या २०१८ च्या नियमांनी 'ट्रान्स मेद नाही' म्हणण्यासाठी १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमची मर्यादा घातली. वाढपाऐवजी १०० ग्रॅम हा आधार धरल्याने ही पळवाट पुष्कळशी बंद होते. शिवाय जानेवारी २०२२ पासून तेलांत व स्निग्ध पदार्थांत औद्योगिक ट्रान्स मेदाची कमाल मर्यादाच २ टक्क्यांवर आली. हे नियम चांगले आहेत हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण वाढपाचा प्रश्न आपल्याकडे दुसऱ्या रूपात शिल्लक आहे. लेबलांविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार एका वाढपातून दैनंदिन गरजेच्या किती टक्के मिळते तेही छापावे लागते. ही गरज कुणाची? २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, अशी ती प्रौढ माणसासाठी ठरवलेली आहे. पाकीट फोडतो आपला बालवाडीतला किंवा पहिलीतला मुलगा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ४ ते ६ वर्षांच्या मुलाची गरज १३६० किलोकॅलरी आहे. प्रौढाच्या दहा टक्के म्हणजे २०० किलोकॅलरी, त्या मुलाच्या जवळजवळ पंधरा टक्के. आणि वाढप ३० ग्रॅमचे छापलेले असले तरी ७५ ग्रॅमचे पाकीट अर्धवट ठेवून उठणारे मूल आमच्या तरी पाहण्यात नाही. ज्या पाकिटांवर चित्रांतले ससे आणि अस्वले नाचतात, त्यांवर तरी टक्केवारी मुलांच्या गरजेची छापायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. नियमाप्रमाणे सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असली की पुरते. मराठीत ती दिली तर हरकत नाही, पण सक्ती नाही. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी पृष्ठभागाच्या छोट्या पाकिटांना तर तक्ता छापण्यातूनच सूट आहे. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर जे सर्वाधिक खपते त्यातले बरेचसे याच आकाराचे असते.

मूळ प्रश्न राहिलाच: बरोबर मोजले हे कुणी बघितले? आपल्याकडे तक्ता उत्पादक स्वतः देतो. शासनाचे काम त्यानंतर, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने बाजारातून नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवण्याचे. प्रयोगशाळेचे उत्तरही अंतिम असतेच असे नाही, हे २०१५ च्या मॅगी प्रकरणात सर्वांनी पाहिले. जूनमध्ये देशभर बंदी आली आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून मान्यताप्राप्त अशा तीन प्रयोगशाळांतून फेरतपासणीचा आदेश दिला. वादाचा एक भाग होता पाकिटावरील 'एमएसजी घातलेले नाही' हे वाक्य. विज्ञानाच्या दृष्टीने ते वाक्य मोठे अवघड आहे. ग्लुटामेट टोमॅटोत असते, प्रथिनांचे जलविच्छेदन केले की तयार होते. चाचणीत ते सापडले तरी वरून घातलेले कुठले आणि मुळातले कुठले हे सांगता येत नाही. जे तपासताच येत नाही असे विधान पाकिटावर छापू देणे, ही आमच्या दृष्टीने नियमाची चूक होती.

आता याच्या अगदी उलट एक मोजणी आपल्या गावांतून रोज पहाटे होते. दूध संकलन केंद्रावर शेतकरी किटली घेऊन येतो, त्याच्या दुधाचा नमुना काढला जातो आणि फॅट बघितली जाते. पूर्वी ती गर्बर पद्धतीने, आम्ल घातलेली नळी गरगर फिरवून बघत. आता यंत्रावर बघतात. आज फॅट किती लागली यावरून लिटरचा भाव ठरतो. फॅट कमी लागली की शेतकरी भांडतो, पुन्हा लावायला सांगतो, दुसऱ्या केंद्रावर जाऊन खात्री करतो. यंत्रात गडबड होत नाही असे नाही, पण ती उघडकीला येते. याचे कारण सोपे आहे: मोजणाऱ्याच्या समोर ज्याचे पैसे अडकले आहेत तो माणूस उभा असतो, आणि त्याला पुन्हा मोजून मागता येते. बिस्किटाच्या तक्त्यासमोर असे कुणीच उभे नसते. खाणाऱ्याला मोजता येत नाही, आणि छापणाऱ्याला रोज मोजण्याची गरज नसते. तक्त्यावर विश्वास किती ठेवावा, या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले उत्तर हेच आहे. ज्या आकड्यामागे पुन्हा मोजणारा दुसरा पक्ष आहे तो आकडा खरा राहतो.

मिठाची पिशवी याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आयोडीन साठवणीत उडून जाते, म्हणून भारतीय नियमात दोन आकडे आहेत: कारखान्यात दशलक्ष भागांत ३०, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किमान १५. काळ जातो आणि पदार्थ बदलतो ही गोष्ट नियमातच मान्य केलेली आहे. चाचणी संचातील थेंब मिठावर टाकला की रंग दिसतो. ही चाचणी शाळेत करता येते आणि अनेक शाळांनी केली आहे. तसा दुसरा पक्ष पाकिटाच्या बाबतीत शाळेला होता येईल का? थोड्या प्रमाणात नक्कीच.

निव्वळ वजनापासून सुरुवात करावी. प्रयोगशाळेतील तराजू पुरेसा आहे. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटात ९ टक्क्यांपर्यंतची तूट एखाद्या नगात चालते, पण सगळ्या नगांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून एक पाकीट तोलून भागत नाही, दहा-बारा तोलावी लागतात, आणि सरासरी व विचलन हा गणिताचा पाठ आपोआप होतो. फरसाणातले मीठ गरम पाण्यात उतरवून, गाळून, सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करणे बारावीच्या मुलांना जमते. तक्त्यात सोडियम असते, मीठ नव्हे; सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. हा गुणाकार मुलांच्या आईवडिलांनाही शिकवावा, कारण दिवसाची ५ ग्रॅमची मर्यादा रक्तदाबाच्या औषधाच्या चिठ्ठीबरोबर अनेक घरांत पोहोचलेली असते. सोडियम हे मूलद्रव्य आहे, त्यासाठी कोणताही गुणक लागत नाही, म्हणून तक्त्यातला तो आकडा आम्ही त्यातल्या त्यात भरवशाचा मानतो. साखर आणि स्निग्ध पदार्थ त्याच्या खालोखाल. एकाच प्रकारच्या दोन पदार्थांपैकी एकात साखर ८ ग्रॅम आणि दुसऱ्यात २८ असेल, तर त्या फरकावर खुशाल विश्वास ठेवावा. ४४९ आणि ४६२ किलोकॅलरी या फरकावर मात्र चर्चाच करू नये.

आणि शेंगदाणा जाळण्याचा जुना प्रयोग अवश्य करावा. सुईवर खोचलेला दाणा पेटवून परीक्षानळीतले पाणी तापवायचे, तापमानातील वाढीवरून ऊर्जा काढायची. उत्तर पुस्तकापेक्षा खूपच कमी येते, कारण निम्म्याहून अधिक उष्णता हवेत जाते. आम्ही पूर्वी हा प्रयोग फसला असे समजून पुस्तकातला आकडा फळ्यावर लिहून मोकळे होत असू. त्या नववीच्या मुलीच्या गटाने तो चार वेळा केला आणि चारही उत्तरे वेगवेगळी आली. बाईंनी त्यांना चारही वहीत लिहायला सांगितली, आणि शेजारी पाकिटावरचा आकडा.